तांबड्या समुद्राच्या तळाशीं तेल आहे काय ?

आशिया व आफ्रिका ह्या दोन खंडांच्या मधोमध, उत्तरेस सुवेझपासून दक्षिणेस बाबेल्मांदेबच्या सामुद्रधुनीपर्यंत, सुमारें दोन हजार किलोमीटर लांबीची जी अरुंद जलपट्टी नकाशावर दिसते, तिला तांबडा समुद्र म्हणतात. तिची रुंदी कोठेंहि चारशें किलोमीटरांस पोंचत नाहीं; परंतु मधल्या भागीं तिची खोली अडीच हजार मीटरांहून अधिक आहे. पाण्यावर कधीं कधीं तांबूस शेवाळाचा तवंग पसरतो, त्यावरून हें नांव पडलें असावें, असें पुष्कळ विद्वान् मानतात. सन १८६९ च्या नोव्हेंबर महिन्यांत सुवेझचा कालवा खुला झाला. तेव्हांपासून मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटी ह्याच वाटेनें जाऊं लागल्या, आणि एडन व सुवेझ हीं नांवें आपल्याकडील पुष्कळ घरांत ओळखीचीं झालीं. ह्या समुद्राच्या पृष्ठभागाची माहिती अशी बहुतेकांस थोडीफार असते. त्याच्या तळाखालीं काय दडलें आहे, ह्याचा विचार मात्र थोड्यांनींच केलेला असतो. तो विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाहीं. तांबड्या समुद्राच्या पूर्वेस हजार-बाराशें किलोमीटरांवर इराणचें आखात आहे, आणि तेथील खनिज तेलावर कुवेत, सौदी अरबस्तान आदिकरून देश धनाढ्य झाले. उलटपक्षीं तांबड्या समुद्राच्या कांठचे सूदान, एरिट्रिया व येमेन हे देश दारिद्र्यानें व युद्धांनीं गांजलेले आहेत. त्यांच्या दाराशीं असलेल्या ह्या समुद्रानें आपल्या पोटांत तेल सांठविलें असेल, तर त्या लोकांचें दैव पालटूं शकेल. पण तें काढतांना समुद्रच नासला, तर मासे धरून पोट भरणाऱ्या किनाऱ्यावरील कोळ्यांचें आहे तेंहि जाईल. म्हणून आरंभीं ह्या समुद्राचा जन्म कसा झाला, तें पाहूं.

तीन कोटि वर्षांपूर्वीं हा समुद्र अस्तित्वांत नव्हता. अरबस्तान व आफ्रिका हीं एकाच भूखंडाचीं अंगें होतीं. त्या सुमारास आजच्या इथिओपियाच्या खालून, पृथ्वीच्या पोटांतून, अति उष्ण द्रव्याचा एक प्रवाह वर चढला. त्यानें वरची जमीन फुगविली, आणि भेगांतून शिलारसाचे लोट बाहेर पडून इथिओपिया व येमेन ह्या दोन्ही देशांत काळ्या फत्तराचे प्रचंड थर सांचले. आपल्या सह्याद्रीचे कातळहि अशाच रीतीनें, परंतु त्याच्याहि फार पूर्वीं, म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं झाले. महाबळेश्वरच्या कड्यांत दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या ज्यानें पाहिल्या आहेत, त्यास इथिओपियाचीं पठारें परकीं वाटणार नाहींत.

पुढें हें भूखंड ताणलें जाऊं लागलें. कणकेचा गोळा दोहों हातांनीं ओढला म्हणजे तो मध्यें बारीक होतो व शेवटीं तुटतो, तसाच प्रकार येथें घडला. मात्र वरचा खडक कणकेसारखा मऊ नसल्यामुळें त्याचे मोठमोठे ठोकळे पडले. फडताळांतील पुस्तकांच्या रांगेचा आधार काढून घेतला असतां पुस्तकें जशीं तिरपीं होऊन एकमेकांवर कलतात, तसे हे ठोकळे कलले व खालीं खचले. अशा खचलेल्या लांबट प्रदेशास खचदरी म्हणतात. ही दरी रुंदावत व खोल होत गेली, तींत समुद्राचें पाणी शिरलें, आणि शेवटीं, सुमारें पन्नास लक्ष वर्षांपूर्वीं, दक्षिण भागांत जुना खडक अजीबात तुटून त्या फटींत नवा सागरतळ तयार होऊं लागला. तांबडा समुद्र म्हणजे एका महासागराचें बाल्य होय, असें भूस्तरशास्त्रज्ञ म्हणतात, तें ह्याच अर्थानें.

ह्याला पुरावा काय, असें विद्यार्थी विचारतील, व त्यांनीं तें विचारलेंच पाहिजे. पहिला पुरावा नकाशांतच आहे. दोन्ही किनाऱ्यांच्या रेषा फाटलेल्या कागदाच्या कडांप्रमाणें एकमेकींशीं जुळतात. दुसरा पुरावा खडकांचा. मिसर व सूदान ह्यांच्या डोंगरांत जे अति प्राचीन ग्रॅनाइटादि खडक आढळतात, तेच पलीकडे अरबस्तानांत पुनः आढळतात. तिसरा पुरावा असा कीं, ही क्रिया अद्याप थांबलेली नाहीं. अरबस्तान आफ्रिकेपासून दरवर्षीं सुमारें एक ते दीड सेंटिमीटर दूर सरकत आहे. आपलीं नखें एका वर्षांत ह्याहून अधिक वाढतात. तथापि ह्याच गतीनें दहा लक्ष वर्षांत दहा ते पंधरा किलोमीटरांचें अंतर पडतें. सन २००५ च्या सप्टेंबरांत इथिओपियाच्या अफार प्रांतांत सुमारें साठ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यांत जमीन कांहीं दिवसांतच दुभंगली, व कोठें कोठें ती आठ मीटरांपर्यंत फांकली. सन २००७ मध्यें समुद्रांतील जबल अत्तैर हें बेट ज्वालामुखीच्या स्फोटानें पेटलें, आणि २०११ व २०१३ ह्या सालीं झुबैर द्वीपसमूहांत दोन नवीं बेटें पाण्यांतून वर आलीं.

आतां मिठाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तेलाचा शोध तिच्याशींच गुंतलेला आहे. वसई, उरण किंवा पेण ह्या बाजूचीं मिठागरें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. खाडीचें पाणी उथळ वाफ्यांत घेऊन त्याची वाट बंद केली म्हणजे उन्हानें तें आटतें व खालीं मीठ बसतें. सुमारें दीड कोटि वर्षांपूर्वींपासून पन्नास लक्ष वर्षांपूर्वींपर्यंत तांबडा समुद्र म्हणजे असेंच एक अफाट मिठागर होतें. महासागराशीं असलेला त्याचा मार्ग पुनःपुनः कोंडला जाई, पाणी आटे, आणि प्रथम जिप्समाचे व नंतर मिठाचे थर तळाशीं बसत. नवें पाणी येई व तेंहि आटे. असें होतां होतां कित्येक ठिकाणीं ह्या थरांची जाडी तीन किलोमीटरांहूनहि अधिक झाली. आजहि ह्या समुद्रास बारमाही नदी मिळत नाहीं, वर्षाकांठीं सुमारें दोन मीटर उंचीचें पाणी वाफ होऊन जातें, आणि हजार भाग पाण्यांत सुमारें चाळीस भाग क्षार असतात. सामान्य महासागरांत हेंच प्रमाण पस्तिसाच्या आसपास असतें. हिंदी महासागराचें पाणी दक्षिणेकडील सामुद्रधुनींतून आंत येतें, म्हणूनच तो आतां आटत नाहीं.

तेल कोठें सांपडतें हें समजण्यासाठीं पांच गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, जन्मदाता थर. प्राचीन समुद्रांतील सूक्ष्म वनस्पति व जीव मरून चिखलांत गाडले गेले व त्यांस हवा लागली नाहीं, तर तो काळपट चिखल तेलाचें बीं बनतो. दुसरी गोष्ट, उष्णता. डाळ शिजण्यास जशी बेताची आंच लागते, तशी ह्या द्रव्यासहि लागते. साठ ते एकशेंवीस अंश सेंटिग्रेडच्या सुमारास त्याचें तेल होतें; आंच फार वाढली तर तेलाचा वायु होतो, आणि त्याच्याहि पुढें सारेंच करपून जातें. तिसरी, सांठवणीचा खडक. वालुकाश्म किंवा सच्छिद्र चुनखडी माठाच्या भाजलेल्या मातीप्रमाणें आपल्या छिद्रांत द्रव धरून ठेवते. चौथी, झांकण. समईंत पाणी घालून वर तेल ओतलें असतां तेल वरच राहतें, तसें जमिनींतील तेलहि पाण्याच्या वर चढूं पाहतें. त्यास अडविणारा अभेद्य थर वर नसेल तर तें पृष्ठभागावर येऊन उडून जातें. पांचवी, सांपळा. खडकांची रचना पालथ्या वाटीसारखी अथवा कललेल्या ठोकळ्यासारखी असली, म्हणजे तेल एका जागीं जमा होतें. ह्या पांचांपैकीं एकाची उणीव पडली तरी विहीर कोरडी निघते.

ह्या पांचहि गोष्टी ज्या ठिकाणीं उत्तम जुळल्या, तें ठिकाण तांबड्या समुद्राच्या उत्तर टोंकासच आहे. तें म्हणजे सुवेझचें आखात. हें आखात त्याच खचदरीचा एक फांटा आहे. पुढें अरबस्तानाची सरकण्याची दिशा बदलून अकाबाच्या आखाताकडील भेग चालूं झाली, तेव्हां सुवेझकडील ताण बहुतेक थांबला, व ही दरी अर्धवट उघडलेली अशीच राहिली. तेथें मिसर देशाच्या किनाऱ्यावर जबल झैत नांवाचा एक डोंगर आहे. ह्या अरबी नांवाचा अर्थच तेलाचा डोंगर असा होतो, आणि तेथें जमिनींतून पाझरणारें तेल प्राचीन लोकांसहि ठाऊक होतें. त्याच्या जवळच जेमसा येथें १८८६ सालीं तेल लागलें. १९१३ सालीं हुर्घादा येथें, १९३८ सालीं रास घारिब येथें, आणि १९६५ सालीं आखाताच्या पाण्याखालीं मोर्गान नांवाचें मोठें तेलक्षेत्र सांपडलें. तेव्हांपासून ह्या चिंचोळ्या आखातानें मिसर देशास अब्जावधि पिंपें तेल दिलें आहे. एका पिंपांत सुमारें १५९ लिटर तेल मावतें.

मग दक्षिणेकडील विशाल समुद्रांत तसेंच कां नसावें ? येथें तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली अडचण जन्मदात्या थराची. सुवेझकडे खचदरी होण्यापूर्वींच, सुमारें सात-आठ कोटि वर्षांमागें, तेथील उथळ समुद्रांत तेलास अनुकूल अशी काळपट चुनखडी सांचली होती. दरी खचली तेव्हां ती खोल गाडली जाऊन योग्य आंचेवर शिजली. तांबड्या समुद्राच्या मध्यभागीं मात्र हे जुने सागरी थर बहुतेक नाहींत. तेथें दरी खचल्यानंतर, मीठ बसण्यापूर्वीं, जो चिखल सांचला त्याच्यावरच भिस्त ठेवावी लागते, आणि तो चिखल सर्वत्र सारखा कसदार असेल असें नाहीं.

दुसरी अडचण आंचेची. सामान्यतः जमिनींत एक किलोमीटर खालीं गेलें कीं उष्णता पंचवीस ते तीस अंशांनीं वाढते, म्हणून तेल शिजण्याची जागा तीन-चार किलोमीटर खोलीपर्यंत असते. तांबड्या समुद्राच्या मध्यरेषेखालीं शिलारस जवळ असल्यामुळें तेथील आंच पुष्कळच अधिक आहे. तिचा प्रत्यय समुद्रतळावरच येतो. सन १९४८ मध्यें एका स्वीडिश संशोधन-जहाजास ह्या समुद्रांत खोलवर अकारण उष्ण व अतिशय खारें पाणी आढळलें. पुढें १९६० नंतरच्या दशकांत दोन हजार मीटर खोलीवर उष्ण क्षारजलाचीं कुंडेंच सांपडलीं. अटलांटिस-द्वितीय नांवाच्या कुंडांत पाण्याची उष्णता पन्नास अंशांच्या वर भरली, व त्याच्या तळच्या गाळांत जस्त, तांबें, रुपें व सोनें ह्यांचा अंश आढळला. असल्या भट्टीजवळ तेलाचा वायु होण्याचाच संभव फार. येथें मीठ मात्र उपकार करतें. मिठांतून उष्णता साध्या खडकापेक्षां दुपटी-तिपटीनें लवकर वाहते. त्यामुळें जाड मिठाच्या खालचे थर, खोलीच्या मानानें, कांहींसे थंड राहतात.

तिसरी अडचण त्याच मिठाची. झांकण म्हणून मिठासारखा दुसरा थर नाहीं, कारण त्यास भेग पडली तरी तें स्वतःच वाहून ती बुजवितें. परंतु ह्याच गुणामुळें तें शोधकाच्या मार्गांत आडवें येतें. फणस पिकला आहे कीं नाहीं हें कोंकणांतील माणूस वरून टिचकी मारून आवाजावरून ओळखतो. त्याचप्रमाणें जहाजावरून पाण्यांत दाबलेल्या हवेचे बार काढून, खडकांच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनि टिपले जातात व त्यांवरून तळाचें चित्र काढलें जातें. मिठांत ध्वनि फार वेगानें धांवतो, आणि मिठाचे थर कोठें फुगलेले तर कोठें वाहून गेलेले असल्यामुळें लहरी वांकड्यातिकड्या पसरतात. परिणामीं मिठाच्या खालचें चित्र धुरकट येतें. तांबड्या समुद्रांत हें मीठ मधल्या दरीकडे हिमनदीसारखें ओघळतांनाहि आढळलें आहे. शिवाय विहीर खणतांना हें वाहणारें मीठ नळास चहूंकडून दाबतें, आणि हें सर्व काम पुष्कळ ठिकाणीं हजार मीटरांहून अधिक पाण्याखालीं करावयाचें असतें.

असें असूनहि शोध सर्वस्वीं निष्फळ झालेला नाहीं. सौदी अरबस्तानाच्या वायव्य कोंपऱ्यांत मिद्यान प्रांताच्या किनाऱ्यालगत १९६९ सालीं बरकान येथें वायु व त्याबरोबर येणारें पातळ तेल मिळालें. सूदानच्या किनाऱ्याबाहेर १९७६ सालीं बशायर व सुआकिन ह्या विहिरींत वायु लागला. मिसर सरकारनें २०१९ सालीं आपल्या तांबड्या समुद्रांतील क्षेत्रें शोधासाठीं परकीय कंपन्यांस दिलीं. ह्यांतून एक गोष्ट ध्यानीं येते. वर आंचेविषयीं जें सांगितलें, त्यास अनुसरून सुवेझच्या बाहेर जें हातीं आलें, त्यांत तेलापेक्षां वायूचाच भाग मोठा आहे.

सन २०१० च्या अखेरीस अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्यानें ह्या समुद्राच्या पोटांत अद्याप न सांपडलेला, पण काढतां येण्याजोगा सांठा किती असावा, ह्याचा अंदाज प्रसिद्ध केला. त्याची सरासरी अशी: तेल सुमारें ५०० कोटि पिंपें, आणि वायु सुमारें ११२ लक्ष कोटि घनफूट. हे आंकडे ऐकून दिपून जाऊं नये. अंदाज म्हणजे मोजदाद नव्हे. जेथें खडक ठाऊक आहेत तेथील अनुभवावरून जेथें ठाऊक नाहींत तेथें काय असावें, हें संभवाच्या गणितानें मांडलेलें असतें, आणि खरा आंकडा त्याच्या वर अथवा खालीं पुष्कळ असूं शकतो. शिवाय सारें जग आज दररोज सुमारें दहा कोटि पिंपें तेल वापरतें. त्या हिशेबानें हा संपूर्ण तेलसांठा जगास पन्नास दिवस पुरेल ! परंतु जग व एरिट्रियासारखा लहान देश ह्यांचीं मापें निराळीं आहेत. जगाच्या कोठारांत जी मूठभर भर, ती गरिबाच्या घरीं वर्षाची बेगमी ठरते.

खचदऱ्या व तेल ह्यांचें नातें समजण्यासाठीं आपणांस परदेशींच जावें लागतें असें नाहीं. गुजराथेंतील खंबायतचें खोरें हीहि एक प्राचीन खचदरीच होय. तेथें १९५८ सालीं लुणेज येथें व १९६० सालीं अंकलेश्वर येथें तेल लागलें. हिंदुस्थानचा पश्चिम किनाराहि भूखंड फाटूनच झाला आहे, आणि त्याच फाटलेल्या कांठावर, मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर, 'सागर सम्राट' जहाजानें १९७४ सालीं 'बाँबे हाय' चें तेलक्षेत्र शोधून काढलें. तांबडा समुद्र आज ज्या वयांत आहे, त्या वयांतून आपला किनारा कोट्यवधि वर्षांपूर्वीं गेलेला आहे.

आतां दुसरें पारडें. तांबडा समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे. दक्षिणेकडील त्याचें दार सुमारें तीसच किलोमीटर रुंद आहे, आणि त्याच्या आंतल्या बाजूस हनीश बेटांजवळ समुद्रतळाचा उंबरठा अवघा १३७ मीटर खोल आहे. अशा समुद्रांत तेल सांडलें तर तें महासागरांत विरून जाणें कठीण. त्याच्या कडेनें प्रवाळांच्या रांगाच्या रांगा आहेत. इतर समुद्रांतील पोंवळीं पाणी तापल्यानें पांढरीं पडून मरत असतां, उत्तरेकडील, विशेषतः अकाबाच्या आखातांतील पोंवळीं, उष्णतेस बरींच टिकतात असें शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसून आलें आहे. जगांतील इतर प्रवाळ नष्ट झाले तरी हे कदाचित् उरतील, अशी त्यांस आशा वाटते.

धोका काल्पनिक नाहीं, हें येमेनच्या किनाऱ्यावर दिसून आलें. तेथें 'सेफर' नांवाचें एक जुनें तेलवाहू जहाज १९८७ सालापासून तरंगती कोठी म्हणून नांगरलेलें होतें. सन २०१५ नंतर युद्धामुळें त्याची निगा राहिली नाहीं, व अकरा लक्षांहून अधिक पिंपें तेल पोटांत घेऊन तें गंजत पडलें. तें फुटलें असतें तर मासेमारी बुडाली असती आणि अन्नाचीं गलबतें जेथें उतरतात तीं बंदरें बंद पडलीं असतीं. अखेर संयुक्त राष्ट्रसंघानें अनेक देशांकडून वर्गणी गोळा करून दुसरें जहाज आणविलें, आणि २०२३ च्या ऑगस्टांत तें तेल सुखरूप बाहेर काढलें. ही सारी तजवीज काढून ठेवलेलें तेल सांभाळण्यासाठींच करावी लागली, हें विसरूं नये.

सारांश, तांबड्या समुद्राच्या तळाशीं तेल आहे काय, ह्या प्रश्नाचें उत्तर असें: उत्तरेच्या टोंकास तें निश्चित आहे, अन्यत्र वायु असल्याचा दाखला मिळाला आहे व थोडेंबहुत तेल असण्याचाहि संभव आहे, परंतु मिठाच्या पडद्याआड नेमकें काय आहे, तें विहिरी खणल्याखेरीज कोणासहि सांगतां येणार नाहीं. त्या खणाव्या कीं नाहीं, व खणल्या तर कोणत्या काळजीनें, हें ठरविण्याचें काम भूस्तरशास्त्राचें नव्हे, तें किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांचें आहे. त्यांस तें नीट ठरवितां यावें म्हणून त्यांच्या मुलांसहि हे खडक वाचतां आले पाहिजेत. विद्यार्थ्यांनीं नकाशा उघडून अरबस्तानाचा व आफ्रिकेचा किनारा पातळ कागदावर उतरून घ्यावा, कात्रीनें कापावा व दोन्ही कडा एकमेकींस जुळवून पाहाव्या. दक्षिणेच्या टोंकाशीं अफार प्रांत मध्यें येऊन त्या नीट बसणार नाहींत. तो प्रांत तेथें कां आहे, ह्याचें उत्तर ज्यास ह्या लेखांत सांपडेल, त्यानें लेख लक्ष देऊन वाचला असें खुशाल समजावें.